ॲपमध्ये ‘ऑफलाइन’ दिसतंय? कोकणातल्या घरातली स्मार्ट उपकरणं पुन्हा चालू कशी करायची

स्मार्ट प्लग, बल्ब, कॅमेरा किंवा कुलूप ॲपमध्ये ‘ऑफलाइन’ दिसायला लागलं की बहुतेकांचा हात आधी रीसेटच्या बटणाकडे जातो. हा उपाय सगळ्यात शेवटचा. रीसेट केलं की उपकरणातली वाय-फायची माहिती पुसली जाते, लावलेली वेळापत्रकं जाऊ शकतात, अलेक्सा किंवा गूगल होममधली जोडणी तुटते. पुन्हा जोडायचं तर माणूस फोन घेऊन त्याच घरात, त्याच वाय-फायवर हजर लागतो. घर गुहागरला आणि मालक ठाण्याला असेल, तर पाच मिनिटांचं काम गणपतीपर्यंत लांबतं.

किनारपट्टीवर उपकरणापेक्षा त्याच्या आजूबाजूचं काहीतरी आधी बिघडतं. कधी लाइट, कधी फायबर, कधी जांभ्याच्या भिंतीआडचा सिग्नल, तर कधी खाऱ्या हवेने हिरवी पडलेली वायर. म्हणून शोध बाहेरून आत घ्यायचा: वीज, मग इंटरनेट, मग वाय-फाय, आणि सगळ्यात शेवटी उपकरण.

आधी पाहा: किती बंद आहेत आणि कधीपासून

ॲप उघडा आणि सगळी यादी बघा. घरातलं एकूण एक उपकरण बंद दिसत असेल तर वीज, राउटर किंवा संपलेला रिचार्ज यांपैकी एक कारण धरून चाला. शेवटचं कारण हास्यास्पद वाटेल, पण बंद घरांच्या बाबतीत ते फार वेळा निघतं. प्रीपेड फायबरची किंवा सिमवाल्या राउटरची मुदत संपते आणि मेसेज भलत्याच जुन्या नंबरवर जातो.

निम्मी बंद, निम्मी चालू असतील तर दोन शक्यता: घराच्या एका भागाचा एमसीबी पडलाय किंवा तीन फेजपैकी एक फेज गेलाय; नाहीतर बंद असलेली सगळी राउटरपासून लांबची आहेत. एकाच कंपनीची सगळी बंद आणि बाकीच्या कंपन्यांची चालू असतील तर दोष त्या कंपनीच्या सर्व्हरचा. अशा वेळी रीसेट अजिबात करू नका. नव्याने जोडताना उपकरणाला तोच सर्व्हर लागतो, त्यामुळे ते अर्धवट अवस्थेत अडकून बसतं. दोन-चार तास थांबा. ॲपमधून बटण चालतं पण आवाजाने चालत नाही, असं असेल तर या लेखातला बराचसा भाग सोडून थेट शेवटाकडच्या ‘अलेक्सा, गूगल’पाशी या.

मग वेळ बघा. बऱ्याच ॲपमध्ये उपकरणाच्या नोंदी असतात. शेवटची नोंद रात्री दोन वाजून दहा मिनिटांची असेल आणि शेजारी सांगत असतील की दोनच्या सुमारास लाइट गेली होती, तर अर्धं काम झालं.

वीज: ‘लाइट आहे’ एवढं उत्तर पुरत नाही

फोनवर ‘लाइट आहे का?’ विचारलं तर ‘आहे’ म्हणून सांगतात. किती आहे ते महत्त्वाचं. साधा टेस्टर फक्त फेज आहे एवढंच दाखवतो. शंभर-दोनशे व्होल्टचा फरक त्याला कळत नाही. मल्टीमीटर एसीच्या ६०० किंवा ७५० व्होल्टच्या पट्टीवर ठेवून फेज आणि न्यूट्रलमध्ये मोजा. २१० ते २५० च्या दरम्यान असेल तर पुढे चला.

डिम लाइटची, म्हणजे कमी व्होल्टेजची, गंमत अशी की स्मार्ट प्लग त्यात सहसा चालूच राहतो. त्याच्या आतला पुरवठा साधारण शंभर व्होल्टपासून काम करतो. म्हणजे ॲपमध्ये सगळं आलबेल दिसतं, आणि त्या प्लगवरचा फ्रिज किंवा पंप मात्र तापून जळायच्या बेताला आलेला असतो. प्लगमध्ये वीज मोजायची सोय असेल तर तिथला व्होल्टचा आकडा मधूनमधून बघत जा. लांबून घराचा व्होल्टेज कळण्याचा तो सगळ्यात स्वस्त मार्ग आहे.

खरा मारक प्रकार म्हणजे न्यूट्रल तुटणं. पावसाळी वाऱ्यात माडाची झावळी तारांवर पडते, न्यूट्रल सुटतो, आणि २३० व्होल्टच्या जागी काही घरांमध्ये तीनशेच्या वर, वाईटात वाईट ४०० च्या आसपास व्होल्ट येतात. अशा वेळी काही दिवे एकदम प्रखर आणि काही मंद होतात. हे दिसलं की दुसरं काही न करता मेन स्विच खाली पाडा आणि वायरमनला किंवा महावितरणच्या १९१२ वर कळवा. या झटक्यात गेलेल्या प्लगमध्ये आतला कॅपॅसिटर फुगतो किंवा फ्यूजचं काम करणारा रेझिस्टर उडतो. एकही दिवा लागत नाही, जळका वास येतो. त्याला रीसेट काय, काहीच उपयोगी नाही. बदलायचा.

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला आलं, त्यानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. इतक्या मोठ्या खंडानंतर लाइट येते तेव्हा पहिल्या तासात ती वारंवार जाते-येते, व्होल्टेज वरखाली होतो. तेव्हा मेन चालू केला तरी राउटर आणि स्मार्ट उपकरणांचे एमसीबी तासभर खालीच ठेवा. एखादा साधा बल्ब लावून बघा, तो स्थिर झाला की मग बाकीचं.

संरक्षणासाठी मुख्य बोर्डात टाइप-२ चा एसपीडी (विजेचा झटका जमिनीत सोडणारं उपकरण) बसवून घ्या. घरासाठी ४० किलोअँपिअरचा चालतो. त्याला जोडणाऱ्या वायरींची एकूण लांबी अर्ध्या मीटरच्या आत हवी, नाहीतर तो असून नसल्यासारखा. त्यावरची छोटी खिडकी हिरवीची लाल झाली की आतली कार्ट्रिज संपली, हे घरातल्या कोणालाही दिसेल असं सांगून ठेवा. मात्र अर्थिंग चांगलं नसेल तर एसपीडी आलेला झटका सोडणार कुठे? जांभ्याच्या कातळात अर्थिंग मुळात हलकं असतं आणि एप्रिल-मेमध्ये खड्डा कोरडा पडला की आणखी हलकं होतं. वळिवाच्या विजा नेमक्या त्याच दिवसांत पडतात. खड्ड्यात पाणी घालायला विसरू नका.

लाइट आल्यावर काहीच परत जोडलं जात नाही

राउटर आणि फायबरचा डबा (बाहेरची फायबरची तार ज्यात येते तो) पूर्ण उभे राहायला दोन-तीन मिनिटं घेतात. बल्ब आणि प्लग काही सेकंदांतच जागे होतात, वाय-फाय शोधतात, आणि सापडलं नाही की त्यातले काही पुन्हा प्रयत्नच करत नाहीत. उपाय सोपा आहे: राउटर चालू राहू द्या, पाच मिनिटं जाऊ द्या, मग अडकलेल्या उपकरणांचा एमसीबी पाडून दहा सेकंदांनी वर करा. दर वेळी हेच करावं लागत असेल तर राउटरला छोटा यूपीएस लावा, म्हणजे लाइट गेली तरी राउटर जागाच राहील. राउटर आणि फायबरचा डबा मिळून दहा वॉट घेतात असं धरलं, तर ३२ वॉट-तासांच्या बॅटरीवर व्यवहारात अडीच तास निघतात. यूपीएसच्या डब्यावर छापलेले मिलिअँपिअर-तास ३.७ व्होल्टचे असतात. १२ व्होल्टचे समजून हिशोब केलात तर फसाल.

घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचा स्विच ‘यूपीएस’ मोडवर आहे का बघा. साध्या मोडमध्ये बदल व्हायला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात राउटर बंद पडून पुन्हा सुरू होतो.

आता एक विचित्र दिसणारा प्रकार. बल्ब आपोआप भपाभप लुकलुकायला लागतो आणि ॲपमधून नाहीसा होतो. बऱ्याच स्वस्त स्मार्ट बल्बना रीसेट करण्याची रीतच अशी आहे की स्विच तीन (काहींना पाच) वेळा भराभर बंद-चालू करायचा. पावसात लाइट झपझप करते तेव्हा बल्बला वाटतं, मालकच रीसेट करतोय. यावर बल्बमध्ये सहसा काही करता येत नाही. तो बल्ब इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, किंवा होल्डरला साधा एलईडी लावून स्मार्टपणा स्विचच्या मागे बोर्डात बसणाऱ्या छोट्या स्मार्ट मॉड्यूलमध्ये ठेवा. पडवी आणि अंगणातल्या दिव्यांसाठी हा दुसरा मार्गच बरा.

फायबर आणि राउटर

फायबरच्या डब्यावर ‘पॉन’चा हिरवा दिवा स्थिर हवा. ‘लॉस’चा (LOS) दिवा लाल लुकलुकत असेल तर काचेच्या तारेतून प्रकाशच येत नाहीये. तार झावळीने तुटली असेल, नाहीतर घरात कोणी कपाट सरकवताना ती टोकदार वाकली असेल. अंगठ्याएवढ्या गोलाईपेक्षा घट्ट वाकलेली फायबर लगेच सरळ करा. दिवा तेवढ्याने हिरवा झाला तर ठीक, नाहीतर कंपनीला फोन. यात घरी करण्यासारखं दुसरं काही नाही. डब्याच्या सेटिंगमध्ये येणाऱ्या प्रकाशाचा आकडा दिसतो. तो उणे २७ डीबीएमच्या जवळ किंवा त्याखाली असेल तर तक्रारीत तो आकडा सांगा, म्हणजे ‘राउटर बंद-चालू करून बघा’ हे उत्तर ऐकावं लागणार नाही.

राउटरचे दिवे लागतात, मिनिटभराने सगळे विझतात, पुन्हा लागतात, असं चालू असेल तर राउटरला दोष देण्याआधी ॲडॅप्टर बदलून बघा. म्हातारा ॲडॅप्टर भार नसताना मीटरवर १२ व्होल्ट दाखवतो आणि भार पडला की बसतो. नवा घेताना व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनेची धन-ऋण बाजू तीच.

राउटर बदलावाच लागला तर वाय-फायचं जुनं नाव आणि जुना पासवर्ड जसाच्या तसा नव्यात टाका, सुरक्षेचा प्रकारही तोच ठेवा. अक्षर न् अक्षर, कॅपिटल-स्मॉल सगळं तेच. घरातली उपकरणं काही न करता आपोआप जोडली जातात. ही एक गोष्ट माहीत असली तर वीस उपकरणं पुन्हा जोडण्याचा रविवार वाचतो.

राउटरमध्ये एकदा शिरलात की पुढच्या गोष्टी करून टाका. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झची नावं वेगळी करा, कारण बहुतेक प्लग आणि बल्बना ५ दिसतच नाही. २.४ चं चॅनल ‘ऑटो’वरून काढून १, ६ किंवा ११ वर पक्कं करा; १२ आणि १३ काही उपकरणांना दिसत नाहीत. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. सुरक्षा डब्ल्यूपीए-२ वर ठेवा, नुसत्या डब्ल्यूपीए-३ वर जुनी उपकरणं जोडलीच जात नाहीत. गेस्ट नेटवर्कवर (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवर) उपकरणं ठेवली असतील तर फोनला ती घरात असूनही सापडणार नाहीत. कॅमेरा आणि हब (सेन्सर राउटरशी जोडणारा डबा) यांना राउटरमध्ये कायमचा आयपी पत्ता नेमून द्या, म्हणजे लाइट आल्यावर दोन उपकरणं एकाच पत्त्यावर भांडणार नाहीत. इंटरनेट कंपनीने फुकट दिलेले डबे पंचवीस-तीस उपकरणं झाली की दमतात. त्यापुढे गेलात तर स्वतःचा बरा राउटर घ्या.

मे महिन्यात चालतं, जुलैत चालत नाही

चिऱ्याची भिंत जाड असते आणि जांभा सच्छिद्र. पावसात तो पाणी पितो, आणि पाणी प्यालेली भिंत वाय-फायलाही गिळते. त्यात घराभोवती केळी, पोफळी आणि ओलीचिंब झाडी. उन्हाळ्यात काठावर टिकलेला सिग्नल पावसात तुटतो तो यामुळे. वर पडवीला किंवा गोठ्याला पत्रा असेल तर त्याच्या पलीकडे तो जवळजवळ जातच नाही.

बऱ्याच ॲपमध्ये उपकरणाच्या माहितीत सिग्नलचा आकडा असतो. उणे ६७ डीबीएमपर्यंत उत्तम, उणे ७५ च्या आसपास काठावर, उणे ८० च्या खाली गेला की ते उपकरण दिवसातून दहा वेळा तुटणार. हा आकडा एकदा कोरड्या दिवसात आणि एकदा झड लागलेली असताना लिहून ठेवा.

राउटर माजघरात, टीव्हीच्या मागे आणि लोखंडी कपाटाशेजारी ठेवण्याची पद्धत सगळीकडे आहे. नेमकं तेच करू नका. घराच्या मध्यावर, दाराच्या रेषेत, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर तो ठेवा. सिग्नल भिंतीतून जाण्यापेक्षा उघड्या दारातून जास्त जातो. कौलारू घरात पोटमाळ्यावर ठेवला तर वरून चांगला पसरतो, पण मे महिन्यात कौलांखाली फार तापतं आणि पावसात पागोळी आत येते. आमच्या मते पोटमाळा नको.

तेवढ्याने भागलं नाही तर दुसरा राउटर तारेने जोडा. घराच्या आत साधी नेटवर्क केबल चालते. पण घरापासून वेगळ्या इमारतीपर्यंत, म्हणजे पंपाच्या खोलीपर्यंत किंवा पाहुण्यांच्या खोल्यांपर्यंत, तांब्याची केबल उघड्यावरून नेऊ नका. जवळपास वीज पडली की तीच केबल झटका दोन्ही घरांत आणते. तिथे फायबर आणि दोन टोकांना दोन कन्व्हर्टर वापरा. काचेतून वीज जात नाही.

झिग्बीचे (वाय-फायऐवजी वेगळ्या रेडिओ पद्धतीवर चालणारे) सेन्सर असतील तर एक वेगळी गोष्ट तपासा. हे सेन्सर जवळच्या कायम चालू असलेल्या झिग्बी बल्बमधून किंवा प्लगमधून निरोप पुढे पाठवतात. कोणी तो बल्ब भिंतीवरच्या स्विचने बंद केला की मागचे सेन्सर हरवतात.

पंप, रिले आणि ‘टक्’

विहिरीवरचा पंप फोनवरून चालू करायचा मोह सगळ्यांना होतो, आणि सगळ्यात जास्त स्मार्ट प्लग त्यातच मरतात. एक हॉर्सपॉवरचा सिंगल फेज पंप चालताना सहा-सात अँपिअर घेतो, त्यामुळे १० अँपिअरचा प्लग पुरेल असं वाटतं. पण सुरू होताना क्षणभर तो त्याच्या पाच-सहा पट घेतो. प्रत्येक सुरुवातीला प्लगमधल्या रिलेच्या, म्हणजे आतल्या विजेवर चालणाऱ्या स्विचच्या, टोकांमध्ये ठिणगी पडते, आणि एक दिवस ती टोकं चिकटून बसतात. मग ॲपमध्ये ‘बंद’ दिसतं आणि पंप चालूच. विहीर उपसून कोरडी पडली की मोटर जळते.

ओळखायचं कसं? ॲपमधून बटण दाबा आणि प्लगजवळ कान द्या. ‘टक्’ आवाज येत नाही आणि दिवाही बदलत नाही: हुकूम पोचतच नाहीये, दोष नेटवर्कचा. ‘टक्’ येतो पण पलीकडचं उपकरण चालू होत नाही: रिलेची टोकं जळलीत किंवा वायर सैल. ‘टक्’ येतो, किंवा नुसता दिवा बदलतो, आणि उपकरण बंद होत नाही: टोकं चिकटली. प्लगवर टिचकी मारल्यावर कधीकधी ती सुटतात. म्हणून तो बरा झाला असं समजू नका, तो काढून टाका.

पंपासाठी योग्य रचना अशी: स्मार्ट स्विचने पंप नाही, तर कॉन्टॅक्टरची (मोठा भार चालू-बंद करणाऱ्या दणकट स्विचची) कॉइल चालवायची. कॉइल २३० व्होल्टची, कॉन्टॅक्टर एक ते दीड हॉर्सपॉवरला किमान १२ अँपिअर एसी-३ (मोटरसाठीच्या) दर्जाचा, सोबत ओव्हरलोड आणि जमलं तर कोरडं चालण्यापासून वाचवणारं रिले. कॉइलच्या दोन टोकांवर ०.१ मायक्रोफॅरड आणि १०० ओहमचा तयार स्नबर लावला की कॉन्टॅक्टर सुटताना येणाऱ्या झटक्याने स्मार्ट स्विच हँग होत नाही. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. सबमर्सिबलच्या पॅनलमध्ये कॅपॅसिटर असतात आणि मेन बंद केल्यावरही ते शॉक देतात. शेवटी ॲपमध्ये ‘रिले स्टेटस’ किंवा ‘पॉवर-ऑन स्टेट’ नावाचं सेटिंग शोधा आणि पंपासाठी ‘ऑफ’ ठेवा. मूळ सेटिंग बहुधा ‘आधी होतं तसं’ असं असतं, म्हणजे मध्यरात्री लाइट आली की पंप स्वतःहून सुरू.

जुन्या घरात स्विचबोर्डात न्यूट्रल नसतो, तो थेट होल्डरला गेलेला असतो. तिथे न्यूट्रल लागणारं मॉड्यूल बसवून कोणी न्यूट्रलऐवजी अर्थची वायर वापरली असेल तर ते ताबडतोब काढा. हे धोक्याचं आहे, आणि आरसीसीबी (वीज गळली की पडणारा स्विच) असेल तर तो पुन्हा पुन्हा पडतो. न्यूट्रलशिवाय चालणारी मॉड्यूल मिळतात. एकच लहान एलईडी असेल तर तो बंद असतानाही मिणमिणतो. मॉड्यूलसोबत येणारा कॅपॅसिटर होल्डरपाशी जोडला की थांबतो.

खारा वारा

समुद्रापासून जवळच्या घरात बोर्ड उघडला की तांब्याच्या टोकावर हिरवट पूड दिसते. मीठ आणि दमट हवा मिळून धातू खातात. वर सर्किटवर जो पातळ थर बसतो तो ओला झाला की त्यातून थोडी वीज झिरपते. मग उपकरण पावसात वेड्यासारखं वागतं आणि ऊन पडलं की शहाणं होतं.

बोर्ड साफ करायचा तर मेन बंद करा, टेस्टरने खात्री करा, दहा मिनिटं थांबा. स्क्रू सोडवून वायर बाहेर काढा. टोक हिरवं किंवा काळं असेल तर घासत बसू नका. दीड-दोन सेंटिमीटर कापून टाका आणि नवं, चकचकीत तांबं उघडं करा. सुट्या तारांची वायर असेल तर तिला फेरूल (धातूची बारीक नळी) दाबून मगच टर्मिनलमध्ये घाला. स्क्रू आवळल्यावर वायर ओढून बघा. सर्किट उघडं असलेलं मॉड्यूल ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ टूथब्रशने हलकेच पुसा, तासभर पंख्याखाली वाळू द्या. खोबरेल तेल किंवा गंज सोडवायचं तेल मारू नका, त्यावर धूळ आणि मीठ आणखी चिकटतं. मुंग्यांची वारूळं आणि पालीची अंडी बोर्डात निघतातच. वायर आत येण्याची भोकं पुट्टीने बंद करा.

प्लगच्या पिना काळ्या पडल्या असतील किंवा प्लास्टिक पिवळं झालं असेल तर प्लग निर्दोष आणि सॉकेट सैल असण्याची शक्यता जास्त. सॉकेट बदला. चिकटवून बंद केलेला प्लग फोडून दुरुस्त करण्यात अर्थ नाही.

घर चार महिने बंद राहणार असेल तर सगळंच बंद करून जायचं की चालू ठेवायचं? चालू उपकरण किंचित गरम राहतं, त्यामुळे त्यावर दव धरत नाही; बंद उपकरण पावसाळ्यात लवकर गंजतं. उलट विजेचा धोका चालू असलेल्याला जास्त. आमचा कल असा: एसपीडी असेल तर राउटर आणि एक कॅमेरा चालू ठेवा, बाकीचे एमसीबी खाली.

कुलूप आणि कॅमेरा

जुलैत स्मार्ट कुलूप घरघरतं आणि उघडत नाही. दार उघडं धरून कुलूप चालवून बघा. उघड्या दारात नीट चालतं आणि बंद दारात अडकतं, तर कुलूप ठणठणीत आहे, लाकूड फुगलंय. चौकटीतली पट्टी कानशीने दोन-तीन मिलिमीटर मोकळी करा. अडलेली मोटर सेलही भराभर खाते. सेल अल्कलाइनच घाला. चार्ज होणारे १.२ व्होल्टचे असतात आणि कुलपाला ते लवकर संपल्यासारखे वाटतात. सेल गळून पांढरी पूड झाली असेल तर कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब व्हिनेगर घेऊन पुसा, कोरडं करा. पूर्ण बंद पडलेल्या कुलपाला खालून ९ व्होल्टची बॅटरी टेकवायची किंवा यूएसबीची सोय असते. साधी किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवलेलीच असावी.

कॅमेरा दिसतो पण जुनं चित्रण दिसत नाही, तर मेमरी कार्ड गेलं. रात्री पांढरा धूर दिसतो, तर भिंगासमोर कोळ्याचं जाळं किंवा मिठाचा थर. गोड्या पाण्याने ओलं केलेल्या मऊ फडक्याने पुसा. कोरडं घासलंत तर मीठ काचेवर चरे पाडतं. वायर भोकात शिरण्याआधी तिला खाली वळसा द्या, म्हणजे पाणी वळशावरून गळून जातं, जोडात शिरत नाही.

अलेक्सा, गूगल

ॲपमध्ये चालतं आणि आवाजाला ‘प्रतिसाद देत नाही’ असं उत्तर येतं, तेव्हा जोडणीची परवानगी संपलेली असते, बहुधा पासवर्ड बदलल्यामुळे. त्या कंपनीचं खातं अनलिंक करून पुन्हा लिंक करा आणि उपकरणं शोधायला सांगा. प्लगला हात लावायची गरज नाही. दिवे बरोबर साडेपाच तास मागेपुढे लागत असतील तर ॲपमधला टाइमझोन चुकलाय.

रीसेट करायचाच तर

वरचं सगळं झालं आणि एकच उपकरण हट्टाला पेटलंय, तेव्हा:

१. वेळापत्रकांचे स्क्रीनशॉट काढा.
२. फोन २.४ च्या वाय-फायवर घ्या. व्हीपीएन बंद, ब्लूटूथ आणि लोकेशन चालू.
३. प्लग काढून राउटरपासून दोन-तीन मीटरवर लावा. बसवलेल्या जागीच जोडायचा हट्ट नको.
४. बटण पाच ते दहा सेकंद दाबून धरा. दिवा भराभर लुकलुकला की उपकरण जोडणीला तयार.
५. ॲपमध्ये ते आधीच असेल तर शक्यतो काढू नका, वरून जोडा. बऱ्याचदा जुनं नाव आणि वेळापत्रक टिकतं.
६. भराभर लुकलुकीत जमलं नाही तर बटण पुन्हा दाबून हळू लुकलुकीवर आणा. या पद्धतीत उपकरण स्वतःचं वाय-फाय काढतं आणि फोन त्याला जोडायचा असतो.
७. जोडलं गेलं की सॉफ्टवेअर अपडेट करा, पण लाइटचा भरवसा असेल तेव्हाच. अपडेट चालू असताना लाइट गेली तर उपकरण कायमचं जाऊ शकतं.

मालक मुंबईत, घर गावाला

शेजाऱ्यांना फोनवर ‘राउटर रीबूट करा’ सांगून काही होत नाही. प्रत्येक ॲडॅप्टरवर जाड पेनाने मोठे आकडे लिहा: फायबरचा डबा १, राउटर २, हब ३. मग बोलणं सोपं होतं: “काका, टीव्हीच्या डाव्या बाजूला एक नंबरचा डबा आहे. त्यावर लाल दिवा लुकलुकतोय का? नाही ना? मग एक आणि दोन, दोन्हीच्या पिना काढा. शंभर आकडे मोजा. आधी एक लावा, हिरवा दिवा स्थिर झाला की दोन लावा.” काकांनी लाल दिवा सांगितला तर त्यांना आणखी त्रास देऊ नका, थेट फायबरवाल्याला फोन करा.

दर पहाटे राउटर स्वतः बंद-चालू होण्याची सोय बऱ्याच राउटरमध्ये असते. ती लावून ठेवा. राउटरच्या ॲडॅप्टरला इंटरनेटवर चालणारा स्मार्ट प्लग लावू नका: तो एकदा बंद केलात की चालू करायला इंटरनेटच उरत नाही. तिथे रोज चार वाजता मिनिटभर बंद होणारा साधा टायमर प्लग चालतो.

उपकरण बसवण्याआधी त्याच्या मागच्या क्यूआर कोडचा आणि आकड्यांचा फोटो काढून ठेवा. मॅटरच्या (वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकत्र चालावीत म्हणून केलेल्या मानकाच्या) उपकरणांवर तो ११ आकडी कोड असतो. खाऱ्या हवेत स्टिकरची छपाई दोन-तीन पावसाळ्यांत उडते, आणि रीसेट केलेलं मॅटरचं उपकरण कोडशिवाय पुन्हा जोडता येत नाही.